मुकादमाची शाल

घाटकोपर पूर्वेच्या आमच्या म्हाडा वसाहतीत ‘अंबादास तायडे कुठे राहतात?’ असं विचारलंत तर लोक डोकं खाजवतील. ‘चावीवाले तायडे’ म्हणालात की वॉचमन खुर्चीतून न उठता दुसऱ्या मजल्याकडे बोट दाखवेल. तायडे कुलपांच्या चाव्या करत नव्हते. ते पालिकेच्या पाणी खात्यात होते. रस्त्याखालून जाणाऱ्या लाइनवर व्हॉल्व्ह असतात. त्यावरचं लोखंडी झाकण उचलायचं, खांद्याएवढी उंच चावी आत सोडायची आणि तिच्याभोवती गोल गोल फिरून पाणी सोडायचं किंवा बंद करायचं, हे त्यांचं काम. पलीकडे पश्चिमेच्या टेकडीवरच्या अर्ध्या लोकांच्या आंघोळी त्यांच्या हातात होत्या, पण त्याचा तोरा त्यांनी कधी मिरवला नाही. मुळात ते बोलायचेच कमी.

आणि लाजायचे फार. टीव्हीवर कुटुंब नियोजनाची जाहिरात लागली की ते उठून पाणी प्यायला जायचे. जाहिरात लांबली तर दुसरा ग्लास. त्यांच्या पत्नी जयाबाई घरीच साड्यांना फॉल-पिको करतात. त्यांचा आवाज शिलाई मशीनवर मात करणारा. त्या सगळ्यांसमोर म्हणायच्या, “आमची दीप्ती कशी झाली, ते ह्यांना अजून कळलेलं नाही.” तायडे तेव्हाही पाणी प्यायला जायचे.

टेकडीवरच्या एका व्हॉल्व्हच्या खड्ड्यात त्यांना बोका सापडला, तेव्हा तो मुठीएवढा होता. डब्याच्या पिशवीत घालून त्यांनी तो घरी आणला. पिवळा, एक कान दुमडलेला. खिडकीतल्या लाकडी खुर्चीवर बसून दिवसभर दुसऱ्यांची कामं बघायचा आणि स्वतः काडी हलवायचा नाही, म्हणून तायडेंनी त्याचं नाव मुकादम ठेवलं. पुढे मुकादम मोठा झाला आणि त्याचे उद्योग सुरू झाले. जिन्यात वास, गच्चीवर मारामाऱ्या, कान फाटलेला, आणि दर काही महिन्यांनी वसाहतीत कुठेतरी दुमडलेल्या कानाची पिवळी पिल्लं. लोक पिल्लांकडे बघायचे, मग तायडेंकडे बघायचे. तायडे रस्ता बदलायचे.

तायडे निवृत्त झाले त्याच सुमारास अल्पेशभाईंनी मोहीम काढली. अल्पेशभाई सोसायटीचे चेअरमन. वसाहतीच्या तोंडाशी त्यांचं फरसाणचं दुकान आहे आणि मनात नगरसेवक व्हायचं आहे. वसाहतीतल्या झाडून सगळ्या मांजरांचं निर्बीजीकरण करायचं त्यांनी ठरवलं. डॉक्टर शर्मिष्ठा नावाच्या एक तरुण पशुवैद्य तयार झाल्या. प्रश्न मांजरं धरायचा होता. तायडे बाजारातून येताना बांगड्याची डोकी आणायचे, त्यामुळे सगळी मांजरं त्यांना ओळखत होती. शिवाय त्यांना आता वेळच वेळ होता. त्यांनी एकट्याने सगळी मांजरं पिंजऱ्यात घालून दवाखान्यात नेली आणि परत आणली. शेवटी मुकादमालाही नेलं. त्याच्याकडे मात्र रिक्षात ते सबंध वाटभर बघू शकले नाहीत.

मोहीम पार पडल्यावर अल्पेशभाईंनी फ्लेक्स लावला. ‘मांजर निर्बीजीकरण मोहीम शंभर टक्के यशस्वी!’ वर अल्पेशभाई हात जोडून. खाली गोल चौकटींत सगळ्या मांजरांचे फोटो, आणि प्रिंटिंगवाल्याने हौसेने मुकादमाला गॉगल चढवलेला. रविवारी सकाळी चौकात प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या, माइक लावला आणि तायडेंचा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ आणि दोन शब्द.

दोन शब्दांच्या भीतीने तायडेंनी आदल्या दिवसापासून जेवण कमी केलं होतं. अल्पेशभाईंनी त्यांच्या खांद्यावर शाल घातली. चॉकलेटी रंगाची, केसाळ, फुगीर. ऐन उन्हात तायडेंना घाम फुटला. ती काढून त्यांनी खुर्चीच्या पाठीवर टाकली, नारळ पोटाशी धरला आणि माइकसमोर जाऊन उभे राहिले. तोंड उघडलं, मिटलं, “धन्यवाद” म्हणाले आणि बाजूला झाले. मग अल्पेशभाईंनी माइक घेतला.

“मित्रांनो, आज मी अभिमानाने सांगतो, आपल्या वसाहतीत आता एक पण मांजर…”

एवढ्यात मुकादम जिन्यातून उतरून आला. इकडे तिकडे न बघता तायडेंच्या खुर्चीकडे गेला, शाल खाली ओढली आणि तिचा एक काठ दातांत धरला, जसे बोके मांजरीला मानगुटीला धरतात तसा. पुढच्या पायांनी शाल तुडवून नीट केली, तिच्यावर चढला आणि सगळ्या सोसायटीसमोर, फ्लेक्सच्या बरोबर खाली, कामाला लागला.

अल्पेशभाई “एक पण मांजर” वरच अडकले. पहिल्या रांगेतून कुणीतरी फिसकन हसलं. जयाबाईंनी पदर तोंडाला लावला आणि त्यांचे खांदे हलायला लागले. तायडे नारळ घेऊन ताठ चालत जिन्याकडे निघाले. वर पाणी प्यायला. मालक निघाला म्हणून मुकादमही निघाला, पण शाल न सोडता. पोटाखाली शाल, दोन्ही बाजूंना पाय, तोंडात काठ, अशा अवस्थेत तो पायरी पायरी चढत दोन मजले वर गेला. लोक कठड्यावरून वाकून बघत होते.

तिथून तायडेंच्या घरातली शांतता गेली.

त्यांनी शाल कपाटात कोंडली तर मुकादमाने उशी धरली. उशी काढली तर जयाबाईंच्या मशीनजवळचं साड्यांचं गाठोडं. एकदा तर एका गिऱ्हाइकाची रेशमी साडी त्याने दातांत धरली आणि ती बाई समोरच बसलेली.

“हा काय करतोय?” बाईंनी विचारलं.

“इस्त्री,” जयाबाई म्हणाल्या आणि बोक्याला मानेला धरून मोरीत टाकलं.

तायडे आता दिवसभर घरात असल्याने मुकादमावर नजर ठेवायचं काम त्यांनी अंगावर घेतलं. झाडांवर मारायची पाण्याची फवारणी बाटली हातात घेऊन ते त्याच्या मागे फिरायचे. बोका कापडाजवळ गेला की “हट!” म्हणून पिचकारी. बोका पळायचा, पलंगाखाली जायचा आणि तिथे जो कुठला पायमोजा मिळेल त्यावर सुरू व्हायचा. जितकी पिचकारी जास्त तितका तो जास्त. घर ओलं, बोका ओला, तायडे चिडलेले आणि जयाबाई चिडलेल्या.

मग एक दिवस दारावर मृणालिनीबाई आल्या. पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या, निवृत्त मराठी शिक्षिका, एकट्या. त्यांच्याकडे एक करडी मांजर होती. तिची शेपटी टोकाला वळलेली म्हणून बाईंनी तिचं नाव वेलांटी ठेवलं होतं. वेलांटीचंही मोहिमेत ऑपरेशन झालेलं.

“तायडे,” बाई उंबऱ्याबाहेरूनच म्हणाल्या, “आपल्या बोक्याने आज जिन्यात आमच्या वेलांटीशी गैरवर्तन केलं.”

तायडेंना घाम फुटला. “म्हणजे…”

“म्हणजे काय ते मी उच्चारणार नाही. तिने त्याला दोन ठेवून दिल्या, तरी त्याने मान सोडली नाही.”

“पाणी देऊ का बाई?”

“मला पाणी नको. खुलासा हवा.”

तिकडून अल्पेशभाईही जिना चढून आले. त्यांनाही कळलं होतं. “काका, मला खरं सांगा, त्या डॉक्टरने अर्धवट काम केलं काय? पुन्हा ऑपरेशन करू आपण. खर्च मी देतो.”

“पुन्हा कशाचं करणार?” आतून जयाबाई ओरडल्या. “आता काढायला शेपूट तेवढं राहिलंय!”

तायडे दुसऱ्याच दिवशी मुकादमाला घेऊन डॉक्टर शर्मिष्ठांकडे गेले. टेबलावर पिंजरा ठेवला आणि भिंतीवरच्या सशाच्या चित्राकडे बघत उभे राहिले.

“काय होतंय काका?”

“ते चालू आहे.”

“काय चालू आहे?”

“जे बंद व्हायला पाहिजे होतं.”

डॉक्टरना समजायला थोडा वेळ लागला. “अंगावर चढतो का? कापडांवर, दुसऱ्या मांजरांवर?”

तायडेंनी सशाला होकार दिला.

डॉक्टरनी बोक्याला तपासलं. टाका नीट भरला होता, ऑपरेशन व्यवस्थित होतं. “काका, ह्यात घाबरण्यासारखं काही नाही. आपण हार्मोन तयार होण्याची जागाच काढून टाकली. पण रक्तात आधीचं शिल्लक असतं. ते पूर्ण उतरायला काही आठवडे जातात.”

तायडेंनी पहिल्यांदाच त्यांच्याकडे बघितलं. “व्हॉल्व्ह बंद केला तरी लाइनमधलं पाणी येत राहतं, तसं?”

“अगदी तसं. तोपर्यंत ऑपरेशन न झालेल्या मांजरीजवळ त्याला जाऊ देऊ नका, पिल्लं होऊ शकतात. झालेल्या मांजरीला काही धोका…”

‘पिल्लं’ हा शब्द आला आणि तायडेंचे कान बंद झाले. ते “बरं बरं, समजलं” म्हणाले, पिंजरा उचलला आणि रिक्षात बसले. जिन्यात मृणालिनीबाई वाटच बघत होत्या.

“काय म्हणाल्या डॉक्टर?”

तायडेंनी जेवढं आठवत होतं आणि जेवढं तोंडातून निघणं शक्य होतं, तेवढं सांगितलं. “थोडे दिवस धोका आहे म्हणाल्या.”

एवढं बोलून ते वर गेले, आणि पुढचं सगळं ह्या एका वाक्यामुळे झालं.

त्यानंतर वेलांटीचं पोट दिसायला लागलं. ती दिवसभर झोपायची, उठून खायची आणि पुन्हा झोपायची. मृणालिनीबाईंनी मनाशी काही जुळवणी केली आणि एका सकाळी पुन्हा तायडेंच्या दारात उभ्या राहिल्या. ह्या वेळी आवाज मऊ होता.

“तायडे, वेलांटीला दिवस गेलेत.”

जयाबाई मशीन थांबवून बाहेर आल्या. “अहो बाई, तिचं ऑपरेशन झालंय ना?”

“मुकादमाचंही झालं होतं,” मृणालिनीबाई म्हणाल्या.

ह्यावर जयाबाई पुन्हा मशीनवर जाऊन बसल्या. एकदा शाल बघितलेल्या माणसाला ऑपरेशनचं काही सांगण्यात अर्थ नव्हता. मृणालिनीबाई पुढे म्हणाल्या, “मी दोष देत नाही. झालं ते झालं. पण तिला आता चौरस आहार लागणार, आणि मी शाकाहारी आहे.”

तायडे खाली मान घालून म्हणाले, “मी आणून देईन.”

आणि खरंच द्यायला लागले. रोज सकाळी बाजारात जायचं, कोळणीकडून ताजा बांगडा घ्यायचा, घरी येऊन उकडायचा, काटे काढायचे आणि झाकणाच्या वाटीत घालून सकाळ-संध्याकाळ पहिल्या मजल्यावर पोचवायचा. कोळीण सखुबाई एकदा म्हणाली, “काका, घरात कुणी बाळंतीण हाय काय?” तायडेंनी पैसे दिले आणि उरलेले न घेता निघून आले.

जयाबाई हे सगळं दारातून बघायच्या. “दीप्तीच्या वेळेला मला एक सुका बोंबील आणून दिला नव्हता तुम्ही.”

“तेव्हा ड्युटी असायची.”

“आणि आता जबाबदारी आली. बोक्याची.”

मृणालिनीबाईंनी वेलांटीचं डोहाळजेवणही केलं. त्यांना स्वतःला मूलबाळ नव्हतं आणि शाळेतल्या सहकारी शिक्षिकांची कैक डोहाळजेवणं त्यांनी केली होती, तेव्हा रीत सगळी पाठ. कपड्यांच्या टोपलीला झेंडूच्या माळा, वेलांटीच्या गळ्यात हिरवी रिबीन, ओटीत मूठभर सुका जवळा. तो हाताळताना बाईंनी प्लॅस्टिकची पिशवी हाताला गुंडाळली होती. बिल्डिंगमधल्या बायका हसू दाबत आल्या, पण आल्या सगळ्या. एकीने उखाणाही घेतला. वेलांटी टोपलीतच ओटी खाऊन झोपली. तायडेंना मुलाकडचे म्हणून बोलावलं होतं. ते दाराशी उभे राहून पेढा खाऊन आले.

अल्पेशभाईंची मात्र झोप उडाली. “काका, एक पण पिल्लू झालं ना, माझी वाट लागली. समोरच्या वसाहतीतले लोक आधीच हसतात.” फ्लेक्स काढला तर हार मानल्यासारखं होईल म्हणून तो काढत नव्हते. शेवटी त्यांनी प्रिंटिंगवाल्याकडून एक पट्टी करून आणली आणि शिडी लावून स्वतः चिकटवली. आता फ्लेक्सवर वाचायला यायचं, ‘मोहीम जवळजवळ शंभर टक्के यशस्वी!’

मांजरीचे दोन महिने भरले. मृणालिनीबाईंनी पलंगाखाली खोका ठेवला, जुनी मऊ साडी अंथरली, फोन उशाशी घेतला. काही झालं नाही. आणखी दिवस गेले. वेलांटी खोक्यात मावेनाशी झाली पण बाळंत होईना. बाई घाबरल्या. एका दुपारी त्या तायडेंना म्हणाल्या, “चला, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात. आणि तुमचा तो पण घ्या. त्याला बघू दे काय केलंय ते.” जयाबाईही निघाल्या, कारण ह्या वेळी काय बोलणं होतंय ते त्यांना स्वतःच्या कानांनी ऐकायचं होतं.

डॉक्टर शर्मिष्ठांनी वेलांटीचं पोट चाचपलं, मग कपाळाला आठ्या घालून सोनोग्राफीचं मशीन आणलं. सगळे श्वास रोखून पडद्याकडे बघत होते.

“किती आहेत?” मृणालिनीबाईंनी विचारलं.

“किती काय?”

“पिल्लं.”

डॉक्टरनी बाईंकडे बघितलं, तायडेंकडे बघितलं. “आजी, हिचं गर्भाशयच काढलंय. मीच काढलं. पिल्लं राहणार कुठे?”

“मग पोटात काय आहे?”

“चरबी. ऑपरेशननंतर मांजरांची भूक वाढते आणि हालचाल कमी होते, त्यात जास्त खाणं झालं की अशी फुगतात. काय देताय हिला?”

“बांगडा,” तायडे पुटपुटले.

“रोज?”

“दोन वेळा. ती दोन जिवांची होती ना.”

मृणालिनीबाईंनी रुमाल काढला. त्यांना हसू येत होतं की रडू, हे त्यांनाही ठरवता आलं नसावं. वेलांटीच्या गळ्यातली रिबीन त्यांनी हळूच सोडवली आणि पर्समध्ये ठेवली. “निदान सुखरूप आहे,” त्या म्हणाल्या.

मग डॉक्टरांनी मुकादमाला टेबलावर घेतलं. “आणि ह्याचं अजून चालू आहे? इतक्या महिन्यांनी?”

“लाइन अजून रिकामी झाली नाही बहुतेक,” तायडे म्हणाले.

“नाही काका, लाइन कधीच रिकामी झाली. आता ह्याला दुसरं कारण असणार.” त्यांनी आधी लघवी तपासली. लघवीच्या मार्गात दुखत-खुपत असेल तरी बोके असं करतात, सारखं चाटतात, आणि बोका जोर करूनही लघवी करू शकत नसेल तर एक दिवसही न थांबता आणायचं, असं त्यांनी बजावलं. पण तपासणीत काही निघालं नाही. “हा मोठा होईपर्यंत मोकळा फिरलेला आहे. शरीरातून हार्मोन गेलं तरी डोक्यात सवय राहते. आणि ती सवय बाहेर येते ती अस्वस्थ झाला की. घाबरला, कंटाळला, कुणी त्याची जागा घेतली, घरात काही बदललं, की मन शांत करायला हा एक उद्योग त्याला येतो. घरात काय बदललंय?”

“काही नाही,” तायडे म्हणाले.

“काही नाही?” जयाबाई पुढे सरकल्या. “मी सांगते. हे रिटायर झाले.”

“तो काय बदल आहे?” तायडे म्हणाले.

“डॉक्टर, ऐका तुम्ही. खिडकीतली खुर्ची ह्या बोक्याची. जन्मापासून. पहिल्याच दिवशी हे तिच्यावर बसले ते उठलेच नाहीत. त्याची झोपायची पेटी उचलून मोरीशी ठेवली, म्हणे जागा मोकळी पाहिजे. त्याची जेवायची वेळ बदलली. घटकेघटकेला मोरीतला मेन नळ बंद करून बघतात प्रेशर किती आहे. माझी रिळं रंगाप्रमाणे लावून ठेवली, मला एक रीळ सापडत नाही. गिऱ्हाइकांना लाइनमध्ये बसा म्हणतात. आणि वरून तो बिचारा कुठे कापडाला टेकला की पिचकारी! दिवसभर घरात एक माणूस उभा, हातात पिचकारी, सगळ्यांवर लक्ष ठेवून. मलाही तोच त्रास होतोय डॉक्टर, फक्त मला शाल नाही.”

डॉक्टर शर्मिष्ठा टेबलाखाली काहीतरी पडल्यासारख्या वाकल्या आणि बराच वेळ वर आल्या नाहीत. मृणालिनीबाई वेलांटीच्या पाठीवर तोंड ठेवून हसत होत्या. तायडे सशाच्या चित्राकडे वळले. पण ह्या वेळी पाणी प्यायला गेले नाहीत. थोड्या वेळाने तसेच उभे राहून म्हणाले, “मला काय करायचं ते सांगा.”

डॉक्टरनी सांगितलं आणि तायडेंनी ह्या वेळी शेवटपर्यंत ऐकलं. शिक्षा करायची नाही. ओरडणं, पाणी मारणं बंद, कारण त्याने बोका आणखी घाबरतो आणि आणखी तेच करतो. हसायचं पण नाही. सुरू व्हायच्या आधी तो कसा वागतो ते ओळखायचं, शेपटीचं टोक फडफडतं, घशातून घुर्र घुर्र काढतो, कापड पायांनी तुडवायला लागतो, त्याच वेळी शांतपणे दुसरा खेळ पुढे करायचा. दिवसातून दोनदा दमेपर्यंत खेळवायचं आणि मग जेवायला द्यायचं. उंचावर एक जागा द्यायची. वेलांटीजवळ एकटं सोडायचं नाही आणि तिला पळून जायला वाट ठेवायची. “आणि एखादं कापड त्याचं स्वतःचं म्हणून राहू दे. त्याने कुणाचं काही बिघडत नाही काका. मांजरांत ह्याची लाज वगैरे नसते.”

घरी आल्यावर तायडेंनी पहिलं काम केलं ते खुर्ची सोडायचं. मुकादमाने तिला आधी चहूबाजूंनी हुंगलं, मग वर चढून पाठ फिरवून बसला. तायडेंनी खिडकीच्या वर फळी ठोकली. पेटी जागेवर आणली. कपाटातून चॉकलेटी शाल काढून पेटीत अंथरली. जयाबाईंच्या उरलेल्या फॉलच्या पट्टीला कोंबडीचं पीस बांधून खेळणं केलं. सकाळ-संध्याकाळ सहा फुटी माणूस गंभीर चेहऱ्याने घरभर पट्टी ओढत पळतोय आणि मागे पिवळा बोका, हे गिऱ्हाइकांना सवयीचं झालं. शाल बंद झाली नाही, पण रोजची आठवड्यावर गेली, आणि साड्या सुटल्या. वेलांटी बांगडा बंद झाल्यावर बारीक झाली. जिन्यात मुकादम दिसला तर ती आता वरच्या पायरीवर बसते आणि तो खालच्या. मृणालिनीबाई मधे उभ्या राहतात.

पण खुर्ची सोडल्यावर तायडेंनी स्वतः बसायचं कुठे, हा प्रश्न उरलाच. तो डॉक्टर शर्मिष्ठांनी सोडवला. मुलुंडच्या एका सोसायटीत अशीच मोहीम झाली होती आणि तशाच तक्रारी सुरू झाल्या होत्या. त्यांनी तायडेंना फोन केला. “काका, मला वेळ नाही. तुम्ही जाऊन त्यांना समजावून सांगाल का?”

“मी? माइकवर?”

“जा तुम्ही,” जयाबाई मशीनवरून म्हणाल्या. “संध्याकाळपर्यंत आला नाहीत तरी चालेल.”

ते गेले. सोसायटीच्या हॉलमध्ये तीसेक माणसं बसली होती. तायडे माइकसमोर उभे राहिले, तोंड उघडलं आणि मिटलं. पहिल्या रांगेत एक म्हातारे गृहस्थ झोपले होते. तायडेंनी टेबलावरचा ग्लास उचलला, ओठाला लावला आणि न पिता खाली ठेवला.

“माझा बोका,” ते म्हणाले, “ऑपरेशन होऊनही समागम करतो.”

म्हातारे गृहस्थ जागे झाले. तायडेंचा चेहरा लाल झाला होता, पण तोंडातून शब्द गेला होता आणि छत कोसळलं नव्हतं. मग ते बोलत राहिले. हार्मोन, सवय, अस्वस्थपणा, पिचकारी का मारायची नाही, लघवी अडली तर काय करायचं, सगळं. एका बाईंनी विचारलं, दोन्ही मांजरांचं ऑपरेशन झालं असेल आणि तरी चढत असतील तर वेगळं ठेवायचं का? तायडे म्हणाले, मांजर ओरडत असेल, चावे बसत असतील तर वेगळं ठेवा, दोघांना ताटल्या, जागा, शी-शूची माती वेगवेगळी द्या. नुसता खेळ असेल तर लक्ष दुसरीकडे वळवा आणि गप्प बसा. म्हाताऱ्या गृहस्थांनी हात वर केला. “ही सवय वयाने जाते का हो?”

“बोक्यांत कमी होते,” तायडे म्हणाले. “पुढचं खातं माझ्याकडे नाही.”

हॉल हसला आणि तायडेही हसले. चहानंतर लोकांनी त्यांना घेरलं. मिथुन नावाचा एक तरुण, रात्रपाळीची नोकरी, त्याच्या घरातला काळा बोका अजून ऑपरेशन न झालेला आणि घरमालक कटकट करणारा. त्याने गळ घातली आणि तायडेंना नाही म्हणता आलं नाही.

दिवेलागणीला दारावरची बेल वाजली. जयाबाईंनी दार उघडलं. तायडे उभे होते, हातात पिंजरा, आणि पिंजऱ्यात एक प्रचंड काळा बोका. तो जयाबाईंकडे रोखून बघत होता. मागे खिडकीत मुकादम उठून उभा राहिला होता.

जयाबाईंनी दार लावून घेतलं.

तायडे पिंजरा खाली ठेवून जिन्याच्या पायरीवर बसले. बोक्याशी काहीबाही बोलत राहिले. आतून मशीनचा आवाज आला, थांबला. कडी वाजली आणि दार बोटभर उघडलं.

“किती दिवस?”

“ऑपरेशन होऊन बरा होईपर्यंत.”

“मोरीत राहील,” जयाबाई म्हणाल्या. “आणि पट्टी घेऊन धावायचं ते गॅलरीत धावायचं. माझ्या मशीनपाशी नाही.”